एकोणनव्वद की नेव्यासी? गणिताच्या गोडीआधी भाषेचा गुंता

गणित ‘आनंददायी’ करण्याची भाषा शिक्षणक्षेत्रात आता चांगलीच रुळली आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित करता यावे, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी आणि बाहुल्यांचा ‘जादुई पिटारा’ आला. पाठोपाठ पहिली-दुसरीची ‘आनंदमय गणित’ ही पुस्तके आली. साहित्याची चणचण आहे, असे आता म्हणता येणार नाही.

तरीही ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे अस्वस्थ करणारे आहेत. गणितातील देशाची सरासरी तिसरीत ६० टक्के आहे. सहावीत ती ४६ आणि नववीत ३७ टक्क्यांवर येते. नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावणे तिसरीच्या ५५ टक्केच मुलांना जमले. सहावीत दहापर्यंतचे पाढे येणारी मुले ५३ टक्के निघाली. म्हणजे गळतीची सुरुवात अगदी पायाशी आहे, आणि वरच्या इयत्तांत ती फक्त रुंदावत जाते.

सिल्व्हासाच्या संदर्भात या पायाकडे पाहिले, की पहिली अडचण भाषेची दिसते. खानवेल, मांदोनी, दुधनीच्या बाजूच्या मुलाच्या घरात वारली, कोकणा किंवा धोडिया बोलली जाते. दुकानातला हिशेब बहुधा गुजरातीत होतो. शाळेचे माध्यम गुजराती, मराठी, हिंदी किंवा इंग्रजी असते. औद्योगिक वसाहतींत ओडिशा-बिहारहून आलेल्या कुटुंबांची मुले यात आणखी एक भाषा मिसळतात. आता ८९ हीच संख्या घ्या. मराठीत ती ‘एकोणनव्वद’ म्हणजे नव्वदाला एक कमी, तर गुजरातीत ‘नेव्यासी’ आणि हिंदीत ‘नवासी’ म्हणजे ऐंशी आणि नऊ. एकाच आकड्याकडे जाण्याच्या या दोन उलट वाटा आहेत, आणि आपल्याकडचे सात वर्षांचे मूल एकाच दिवसात त्या दोन्ही ऐकते. शिवाय ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन. मुलाने ५२ लिहिले तर त्याने कानाने ऐकलेले प्रामाणिकपणे लिहिले, एवढाच त्याचा अर्थ. (बातमीतले आकडे तपासताना ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत आमचीही गल्लत होते, हे कबूल करायला हरकत नाही.)

हा प्रश्न मराठीत एकदा मोठ्याने विचारला गेला होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबरच ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे सरळ होते: जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची संख्यानामे मुलांच्या मनात गणिताची भीती पेरतात. त्यावर भाषा बुडाल्याचा गजर झाला आणि विधिमंडळातही टिंगल झाली. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, हे त्या गदारोळात ऐकूनच घेतले गेले नाही. डॉ. नारळीकर २०२३ मध्ये गेल्या. ‘वीस एक’ हा उपाय सर्वांनी स्वीकारावा, असे माझेही मत नाही. पण त्यामागचे निदान अचूक होते. एकभाषिक शाळेपेक्षा ते आपल्यासारख्या बहुभाषिक प्रदेशाला अधिक लागू पडते.

दुसरी अडचण शाळा आणि बाजार यांच्यातील भिंतीची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्री करणारी मुले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करतात, पण तीच उदाहरणे शाळेच्या पद्धतीने कागदावर आली की अडखळतात. उलट, कागदावर बरे असणारे विद्यार्थी बाजारातल्या हिशेबात चाचपडतात. आठवडी बाजारात आईशेजारी बसून भाजीचे पैसे मोजणारी मुले आपल्याकडेही आहेत. त्यांना ‘गणितात कच्ची’ म्हणण्यापूर्वी त्यांची परीक्षा कोणत्या भाषेत आणि कोणत्या रीतीने घेतली, हे पाहायला हवे. जुन्या शाळांतली पावकी, निमकी, दिडकी कंटाळवाणी होती खरी, पण ती थेट बाजारात चालत होती. तेवढा दुवा नव्या रंगीत पुस्तकांनी जपायला हवा.

गोडी लावणे म्हणजे गाणी-टाळ्यांची भर घालणे, हा समज मात्र सोडावा लागेल. येथून फार दूर नसलेल्या डहाणूत १९०५ मध्ये जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. त्यांची ६१७४ ही संख्या जगभर ओळखली जाते. दुसरी-तिसरीसाठी त्यांच्याच रीतीचा दोन अंकी खेळ पुरेसा आहे. दोन वेगळे अंक घ्या, त्यांच्या मोठ्या मांडणीतून लहान मांडणी वजा करा आणि उत्तराच्या अंकांवर तेच पुन्हा करा. ७२ मधून २७ गेले की ४५; पुढे ९ (म्हणजे ०९), मग ८१, ६३, २७ आणि परत ४५. कोणत्याही अंकांपासून निघा, याच फेऱ्यात अडकाल. मूल एकही ‘गृहपाठ’ न मागता दहा वजाबाक्या करते आणि नऊच्या पाढ्याबाहेरचे उत्तर आले, की चूक स्वतःच पकडते. याला पाटी-पेन्सिल पुरते. वारली चित्रांचेही तसेच आहे. दोन त्रिकोणांचा माणूस भिंतीवर रंगवला म्हणजे भूमिती झाली असे नाही. तारप्याच्या नाचात एक गडी वाढला तर त्रिकोण किती वाढतील, दहा गड्यांना किती लागतील, असे विचारले की तिथून गणित सुरू होते.

असे प्रश्न विचारायला शिक्षकाला वेळ हवा आणि मुलाची घरची बोली निदान कळायला हवी. पहिली-दुसरीच्या वर्गांवर वारली, कोकणा, धोडिया जाणणारे शिक्षक नेमणे आणि तोंडी हिशेबालाही मूल्यमापनात जागा देणे, ही दोन्ही कामे प्रशासनाच्या हातातली आहेत. २०२४-२५ मध्ये पहिलीत आलेली मुले २०२६-२७ च्या अखेरीस तिसरी पूर्ण करतील. ‘निपुण’ची मुदत त्यांच्याच वर्गावर येऊन थांबते.