खुंटीवरची जाकिटे

उन्हाळ्याची सुटी तोंडावर आली की मुंबईकरांचे आणि पुणेकरांचे पाय पाण्याकडे वळू लागतात. कोणी गेट वेवरून घारापुरीची लेणी पाहावयास निघतो, कोणी मांडव्याच्या लाँचीत बसून अलिबाग गाठतो, कोणी तारकर्लीच्या किनाऱ्यावर, तर कोणी एखाद्या धरणाच्या जलाशयावर मुलांची होडीची हौस पुरवितो. घटकाभर वाऱ्याची झुळूक अंगावर घ्यावी, तुषार उडाले म्हणून मुले हसू लागली की आपणही हसावे, ह्यात गैर ते काय? ह्या निर्मळ आनंदाला आमची मुळीच हरकत नाही. आमची तक्रार एवढीच की, नावेत पाऊल टाकण्यापूर्वी जो एक प्रश्न विचारावयास हवा, तो आपण विचारीत नाही. तिकिटाचा दर आपण विचारतो, फेरीला किती वेळ लागेल हेही विचारतो. परंतु ही नाव उलटली तर तीत बसलेल्या प्रत्येक माणसासाठी एकेक जीवरक्षक जाकीट आहे काय, आणि असल्यास ते कोठे आहे, हे विचारणारा प्रवासी विरळा.

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे आपल्याला पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ ह्या प्रवासी नौकेवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे प्राणांस मुकली. टक्कर टाळणे प्रवाशांच्या हाती नव्हते हे खरे. परंतु परवाना चौऱ्याऐंशी प्रवाशांचा असता नौकेत शंभराहून अधिक माणसे होती, आणि पाण्यात पडताना अनेकांच्या अंगावर जाकीट नव्हते, ह्या दोन गोष्टी त्या टक्करीवर ढकलता येणार नाहीत. त्यानंतर अवघ्या आठवड्याने, नाताळच्या दिवशी, गोव्यात कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एक जण दगावला. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका बुडाल्या. मे २०२३ मध्ये केरळात तानूर येथे बावीस माणसे गेली. ती नौका मुळात मासेमारीची होती, सहलीसाठी तिचे रूप बदलले होते. मे २०२२ मध्ये तारकर्लीला दोघांचा अंत झाला. ठिकाणे निराळी, पाणी निराळे, नौकांचे आकार निराळे. पण हकीकत बहुतेक वेळा तीच: नावेत माणसे जास्त, अंगावर जाकिटे कमी किंवा मुळीच नाहीत.

नौकेवर कोणते जीवरक्षक साहित्य असावे हे नौकेच्या आकारावरून ठरवावे, ही कल्पना जुनी आहे आणि ती चुकीचीही नाही. परंतु केवळ आकाराकडे पाहिले आणि माणसांकडे पाहिले नाही तर काय होते, ह्याचा धडा ‘टायटॅनिक’ने १९१२ साली जगाला दिला. जहाजावर किती जीवनौका असाव्यात हे त्या वेळचा ब्रिटिश नियम जहाजाच्या टनभारावरून ठरवीत असे, आणि त्याचे कोष्टक दहा हजार टनांपाशीच संपत असे. ‘टायटॅनिक’ त्याच्या चौपटीहून मोठी. तिच्यावर वीस जीवनौका होत्या. नियमाने लागत होत्या त्याहून चार अधिक. तरीही त्यांत जेमतेम ११७८ माणसांची सोय होती, आणि जहाजावर माणसे होती सुमारे बावीसशे! नियम अक्षरशः पाळला गेला आणि पंधराशे माणसे बुडाली. त्यानंतर दोन वर्षांनी समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, तो जहाजावरील प्रत्येक माणसाचा हिशेब धरून. आपल्याकडच्या बुजुर्गांना ‘रामदास’ बोटीची आठवण निराळी करून देण्याचे कारण नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ती बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्राने गिळली.

मौजेच्या नौकांचा विचार करताना अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे नियम पाहण्यासारखे आहेत, कारण तेथे घरोघरी होड्या असल्याने हा विषय बारकाईने हाताळला गेला आहे. सोळा फुटांपेक्षा लांब नौकेवर, पाण्यात पडलेल्याकडे फेकता येईल असे एखादे तरंगते साधन असलेच पाहिजे. अग्निशामक नळकांड्यांची संख्या सव्वीस व चाळीस फूट ह्या पायऱ्यांनी वाढत जाते. ह्याचे कारण उघड आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. बंदिस्त नौकेच्या तळाशी ती साचून राहते आणि एका ठिणगीने नौका पेट घेते. उघड्या लहान होडीत वाफ साचण्यास जागाच नसेल, तर नळकांड्याची सूटही मिळते. किनाऱ्यालगतच्या समुद्रात सोळा फुटांखालच्या होडीला संकटाची खूण म्हणून रात्रीची प्रकाशसाधने पुरतात. त्याहून मोठीला दिवसाची व रात्रीची, दोन्ही साधने लागतात. उलट सव्वीस फुटांखालच्या यांत्रिक नौकांवर एक जादा बंधन १ एप्रिल २०२१ पासून आले आहे. चालकाच्या अंगाला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक इंजिनाच्या कळीला जोडलेले असावे. चालक पाण्यात पडला की दोरी सुटते व इंजिन तत्काळ बंद होते. चालकावाचून गरगरणारी होडी पाण्यात पडलेल्यांच्याच अंगावर येते, हे अनुभवाने कळल्यावर हा नियम झाला.

परंतु ह्या सर्व कोष्टकात एक रकाना असा आहे की, तो नौकेच्या लांबीने बदलत नाही. होडी दहा फुटांची असो वा साठ फुटांची, माणशी एक जाकीट, आणि तेही ज्याच्या त्याच्या अंगाला बसणारे, हा नियम सर्वांना सारखा आहे. तेरा वर्षांखालच्या मुलाने तर नौका चालू असताना बंद खोलीबाहेर असल्यास ते अंगात घातलेलेच असले पाहिजे. आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. बाकीचे साहित्य नौकेचे आहे. जाकीट माणसाचे आहे.

आपल्याकडे समजूत नेमकी उलटी आहे. मोठ्या लाँचीत चढताना मनुष्य थोडा तरी बिचकतो. तलावातील पायडलच्या होडीत मात्र तो निर्धास्त उतरतो. नाव लहान म्हणजे धोकाही लहान, असा हा हिशेब! वस्तुतः चाळीस फुटांच्या लाँचीत एक माणूस उठून कडेला गेला तर लाँचीला त्याची दादही नसते. बारा फुटांच्या होडीत तीन माणसे छायाचित्रासाठी एका कडेला उभी राहिली तर तेवढ्याने ती कलंडू शकते, कारण माणसांचे वजन होडीच्या वजनाच्या बरोबरीचे असते आणि ती उभी राहताच तो भार वर चढतो. शिवाय मोठी नौका बुडू लागली तरी काही मिनिटे हाती असतात. लहान होडी पापणी लवण्याच्या आत उलटते. त्या क्षणी बाकाखाली ठेवलेले जाकीट शोधून, त्याचे पट्टे सोडवून ते अंगात चढविणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही साधत नाही. म्हणून नाव जितकी लहान, तितके जाकीट अंगातच असणे अधिक अगत्याचे. अमेरिकेतील मौजेच्या नौकांवरील मृत्यूंची आकडेवारी हेच सांगते. २०२३ साली तेथे ५६४ माणसे दगावली. त्यांतील तीन-चतुर्थांश बुडून मेली, आणि बुडालेल्यांपैकी शेकडा ८७ जणांच्या अंगावर जाकीट नव्हते.

‘मला पोहता येते’ हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. विहिरीत ठरवून मारलेली उडी निराळी आणि कपड्यांनिशी, बुटांनिशी, भेदरलेल्या माणसांच्या मिठीत सापडून पाण्यात पडणे निराळे. प्रौढ माणसाचे डोके पाण्यावर राहावयास केवळ तीन ते पाच किलोंचा आधार पुरतो. पण तो आधार त्याच क्षणी अंगावर असावा लागतो. चांगल्या प्रतीचे जीवरक्षक जाकीट तर बेशुद्ध झालेल्या माणसाचेही तोंड आकाशाकडे वळविते. पोहण्याची विद्या शुद्धीवर असलेल्याच्याच उपयोगी पडते.

आम्ही शिक्षकी पेशात असतानाची एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सहलीची मुले घेऊन आम्ही एका तलावावर गेलो होतो. धक्क्यावरच्या टपरीत आठ-दहा जाकिटे खुंट्यांना टांगलेली होती. पट्टे तुटलेले, आतील फोम बसून चपटा झालेला, आणि मुलांच्या मापाचे एकही नाही. आम्ही विचारले तेव्हा नावाडी सहज म्हणाला, ‘‘गुरुजी, ती तपासणीवाल्यांसाठी आहेत. पाणी काही एवढं खोल न्हाई.’’ आणि सांगण्यास लाज वाटते, आम्ही मुलांना नावेत बसविले. मुले सुखरूप परतली. पण ती परतली ही त्या पाण्याची कृपा, आमची दक्षता नव्हे. हरणी तलावाची बातमी वाचली त्या दिवशी तो नावाडी नव्हे, तर त्याला ‘बरं’ म्हणून मान डोलाविणारे आम्ही स्वतः आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिलो.

कायदा नाही अशी सबब आता कोणास सांगता येणार नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ सालीच नौका-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने २०२१ साली अंतर्देशीय नौकांचा नवा कायदा केला. नोंदणी, तपासणी, जीवरक्षक व अग्निशामक साहित्य ह्यांची तरतूद त्यात आहे. इतकेच नव्हे, तर यंत्रावाचून चालणाऱ्या नौकांच्या नोंदणीचे काम त्याने स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविले आहे. म्हणजे तलावातील वल्ह्याच्या होडीचा प्रश्न दिल्लीत वा मंत्रालयात अडकून पडलेला नाही. तो नगरपालिकेच्या व ग्रामपंचायतीच्या दाराशी येऊन उभा आहे. ‘नीलकमल’नंतर मुंबईत जाकिटांची सक्ती जाहीर झाली, हे योग्यच झाले. पण दुर्घटनेनंतरच्या पंधरवड्यात दिसणारी सक्ती आणि वर्षभर अंगवळणी पडलेली शिस्त ह्यांत पुष्कळ अंतर आहे.

नावाड्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. सुटीचे दोन महिने हीच त्यांची सुगी; प्रत्येकाला जाकीट द्यावयाचे म्हणजे खर्च, ते वाळवून स्वच्छ ठेवावयाचे म्हणजे कष्ट, आणि उकाड्यात घामट जाकीट नको म्हणून गिऱ्हाईक शेजारच्या धक्क्यावर गेले तर बुडाला धंदा. ही अडचण खोटी नाही. म्हणूनच नियम सर्व धक्क्यांना सारखा लागू झाला पाहिजे. म्हणजे नियम पाळणारा तोट्यात जाणार नाही. जाकिटांच्या खरेदीस नगरपालिकांनी व सहकारी संस्थांनी हात द्यावा, आणि त्याचा भार तिकिटावर थोडा पडला तर तो आपण आनंदाने सोसावा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक नौकेच्या दर्शनी भागावर तिची प्रवासीसंख्या ठळक मराठी आकड्यांत रंगवावी. त्या संख्येइतकी जाकिटे, मुलांच्या मापांसह, धक्क्यावरच वाटली जावीत आणि पट्टे आवळल्यावाचून कोणाचेही पाऊल नावेत पडू नये. जाकीट घातलेल्याला खांद्यांपाशी धरून वर उचलावे. ते हनुवटीवर सरकले तर ते त्याच्या मापाचे नाही, ही परीक्षा कोणासही करता येते. लहानशा होडीतही दोरी बांधलेले तरंगते कडे, पाणी उपसावयास बादली, नांगर, शिटी व विजेरी असावी. मोठीवर त्यांखेरीज अग्निशामक नळकांडी, संकटाचे दिवे व बिनतारी यंत्र असावे. सूर्यास्तानंतर सहलीच्या फेऱ्या बंद असाव्यात. तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक समुद्रकाठच्या प्रत्येक धक्क्यावर लिहिलेला असावा.

आणि शेवटची मागणी आमच्या वाचकांकडे. सरकारी निरीक्षक धक्क्यावर वर्षातून एखाद-दोनदा येईल. आपण तेथे रोज जात असतो. शंभर सुशिक्षित प्रवाशांनी जाकिटावाचून नावेत बसण्याचे नाकारले, तर ती जाकिटे एका सुटीत खुंटीवरून खाली येतील. ह्या उन्हाळ्यात मुलाचा हात धरून आपण धक्क्यावर उभे राहाल तेव्हा तिकिटाचा दर विचारण्याआधी त्याच्या मापाचे जाकीट मागावे. ते नाही असे उत्तर मिळाले, तर मुलाच्या रडण्याकडे कानाडोळा करून मागे फिरावे.