बायांची पुस्तकं कुठायत?

१९७२ साली चळवळीनं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. तिथल्या काळ्या बाया काय लिहितात, हे कितीजणांनी विचारलं? १९७३ साली ॲलिस वॉकरनं झोरा नील हर्स्टनची गवतात हरवलेली कबर शोधून तिच्यावर दगड बसवला. इकडं फलटणच्या बेबीताई कांबळेंनी ‘जिणं आमुचं’ नवऱ्यापासून चोरून लिहिलं, वीसेक वर्षं दडवून ठेवलं. आपण भाषणात ढसाळच घोळवतो!

चांदीपला वाचनालय काढायचं तर पहिल्या फळीवर बेबीताई, शांताबाई कांबळे, उर्मिला पवार. महिन्याला जाहीर वाचन. बोलणार आया-बहिणी, सतरंजी आपण घालायची, चहाही आपणच करायचा. आणि मारझोडीचं पान निघालं की ‘चळवळीची बदनामी’ म्हणून बोंबलायचं नाही. बेबीताईंनी महारवाड्यातल्या नवऱ्यांनाही सोडलं नव्हतं.