कायदा आणि कुटुंब : वर्दी कोणी द्यावी?

पाचूबंदरच्या एका वाचक भगिनींनी विचारलें आहे कीं, लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल शिक्षा भोगून आलेला मनुष्य वस्तींत राहावयास आला, तर त्यानें पोलिसांस तसें कळवावें लागतें काय? परदेशीं असलेल्या कन्येनें तिकडील नियम लिहिले, त्यावरून त्यांस ही शंका आली.

कन्येनें लिहिलें तें खरें आहे. इंग्लंडांत असा कायदा १९९७ सालीं झाला व २००३ सालीं तो अधिक कडक झाला. नोंद झालेल्या अपराध्यानें तीन दिवसांच्या आंत आपलें नांव व पत्ता पोलिसांस कळवावयाचा. बिऱ्हाड बदललें तरी तेंच. न कळविल्यास तो निराळा गुन्हा. आपल्याकडे अशा अपराध्यांची राष्ट्रीय नोंदवही सप्टेंबर २०१८ मध्यें सुरू झाली खरी. पण ती पोलिसांसाठीं आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांस पाहतां येत नाहीं. शिक्षा संपल्यावर अपराध्यानें आपण होऊन पत्ता कळवीत राहावें, असा इंग्लंडासारखा कायदा आपल्या देशांत नाहीं.

आमच्या कायद्यानें वर्दीचें ओझें ठेविलें आहे तें तुमच्याआमच्या खांद्यावर. वर्तमानपत्रें ज्यास ‘पोक्सो’ म्हणतात त्या २०१२ च्या कायद्याचें १९ वें कलम सांगतें कीं, मुलावर अत्याचार झाल्याचें ज्यास ठाऊक आहे, किंवा तो होईल अशी ज्यास धास्ती आहे, त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. आई, आजी, शिक्षक, वैद्य, कोणीही यांतून सुटलेला नाहीं. मौन धरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. मूल मात्र या शिक्षेस पात्र नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील राजुरा येथें वसतिगृहांतील मुलींवरील अत्याचार माहीत असूनही कळविला नाहीं, असा आरोप एका डॉक्टरांवर आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांच्यावरील खटला रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २०२२ रोजीं तो निकाल फिरविला.

आरोपी बहुतेक वेळां मुलाच्या ओळखीचाच निघतो. म्हणून नव्या बिऱ्हाडकरूवर डोळा ठेवणारीं आपलीं सुशिक्षित घरें, गोष्ट घरांतल्याच काका-मामांवर आली म्हणजे, “मुलीच्या नांवाचा बोभाटा नको” म्हणून दार लावून घेतात. बोभाट्याची भीति कायद्यास ठाऊक नाहीं असें नाहीं. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. जबाब मुलाच्या घरीं, शक्यतों स्त्री-अधिकाऱ्यानें व गणवेश न घालतां घ्यावयाचा असतो. मुलास रात्रीं ठाण्यांत ठेवतां येत नाहीं. सद्‌भावनेनें वर्दी देणारावर, पुढें आरोप शाबीत न झाला तरी, दावा चालत नाहीं. पुरावा गोळा करणें हें आपलें काम नव्हेच. आणि मुलास खोदून खोदून विचारणें तर टाळावेंच.

जवळच्या ठाण्यावर जावें, किंवा १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. ठाण्यांत वर्दी लिहून घेऊन ती देणारास वाचून दाखविणें पोलिसांवर बंधनकारक आहे. वाचून दाखविल्यावांचून उठूं नये.