आधी काट्यावर चढवा

आमच्या भागात पिकअपचं मागचं बूड बसलं, की औषध एकच. पाटे टाका. ऊस जास्त भरला, पाटे टाका. कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचे दोन थर वाढले, पाटे टाका. हौद्यावर लोखंडी केबिन चढवून दिंडीची गाडी केली, मग तर टाकाच. कडेगाव ते विटा कुठल्याही पाटेवाल्याच्या दारात तासभर उभं राहून बघा. गाडी येते, मिस्त्री मागून वाकून बघतो, "दोन-दोन टाकू?" म्हणतो, मालक मान हलवतो, जॅक लागतो. वजन किती आहे हे मिस्त्री विचारत नाही. मालक सांगत नाही, कारण त्यालाही ते ठाऊक नसतं. हा शुद्ध अडाणीपणा आहे आणि त्यानं माणसं मरतात. मी एवढ्या रागानं लिहितोय, कारण मीही त्याच दारात उभा राहून तशीच मान हलवली होती.

कॅम्पर म्हटलं की इथं लोकांच्या डोळ्यांसमोर डबल केबिनची बोलेरो येते. मी बोलतोय ते पिकअपच्या हौद्यावर बसवलेल्या घराबद्दल. दिंडीसाठी मी माझ्या पिकअपवर असं घर चढवलं. मुक्कामाला म्हाताऱ्या माणसांनी पाठ टेकावी म्हणून आत दोन बर्थ, डाव्या अंगाला शेगडी, सिलिंडर, धान्याची पेटी, भांडी. टपावर तीनशे लिटरची पाण्याची टाकी. अँगल, पत्रा आणि एकोणीस मिलिमीटरचं प्लाय. त्या प्लायची आठ बाय चारची एक शीट पस्तीस किलोच्या पुढं जाते. आम्ही नऊ शीट लावल्या. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या घरात. पाणी लिटरला किलो. हे सगळे आकडे शाळेतलं पोरगं मांडेल, पण फॅब्रिकेशनवाल्यापासून माझ्यापर्यंत एकानंही ते कागदावर मांडले नाहीत.

केबिन बसली आणि मागचे पाटे काठीसारखे सरळ झाले. बफर टेकायला बोटभर जागा उरली. पाटेवाल्यानं दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे जुने, जाड पाटे काढले, त्यांना तापवून कमान मारली आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन चढवले. गाडी मागून ताठ उभी राहिली. आम्ही नारळ फोडला.

सुर्ली घाट उतरताना पुढं एक ट्रॅक्टर आला आणि मी ब्रेक दाबला. गाडीनं नाक खाली घातलं, पुढची चाकं किंचाळली आणि मागची चाकं ब्रेक नसल्यासारखी रेटत राहिली. केबिन आधी डावीकडं कलली, मग उजवीकडं. आत भांडी आदळल्याचा आवाज अजून कानात आहे. मागं दोन म्हातारी माणसं बसली होती. मीच बसवली होती. गाडी कठड्याच्या अलीकडं थांबली. त्यांना मागं बसवल्याची मला आजही लाज वाटते.

घरी येऊन मी गाडीखाली शिरलो. मागच्या हौसिंगपासून चासीवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हपर्यंत बोटाएवढी सळई जाते. बऱ्याच पिकअपना ती असते. गॅरेजवाले त्याला एलएसपी व्हॉल्व्ह म्हणतात. त्याचं काम साधं आहे. माल भरला की मागचा भाग खाली बसतो, सळई हलते, व्हॉल्व्ह उघडतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की मागचा भाग वर राहतो, दाब कमी होतो, म्हणजे हलकी मागची चाकं लॉक होत नाहीत. आता जादा पाटे टाकून मागची उंची वाढवली, की भरल्या गाडीतही सळई जागची हलत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी. ज्या दिवशी ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी मागचा ब्रेक निम्म्यावर. पाटे बदलले की तो व्हॉल्व्ह पुन्हा सेट करायचा असतो. मी त्यानंतर सहा पाटेवाल्यांना विचारलं. दोघांनी ती सळई कधी पाहिलीच नव्हती. एक म्हणाला, "अडचण होते म्हणून आम्ही बांधूनच टाकतो." हे ऐकून माझे हातपाय गार पडले.

पाट्याबद्दल लोकांचा मूळ समजच चुकीचा आहे. पाटा गाडीची वजन पेलायची हद्द वाढवत नाही. तो फक्त गाडी खाली बसू देत नाही. हौसिंग तेच, बेअरिंग तीच, ड्रम तेच, टायर तेच, चासी तीच. वाढतो तो कडकपणा, आणि तो किती वाढतो याचा अंदाज डोळ्यांनी येत नाही, कारण तो जाडीच्या घनात वाढतो. जाडी दहा टक्क्यांनी वाढली, तर कडकपणा तेहतीस टक्क्यांनी. दुप्पट जाडीचा एकच पाटा आठ पाट्यांचं काम करतो. मग खड्ड्यातला जो दणका पाट्यांनी गिळायचा, तो शॅकल, बुश आणि चासीच्या ब्रॅकेटपाशी जातो. तिथं केसाएवढी चीर पडते आणि ती एक दिवस रस्त्यावर उघडते.

आणि त्या तापवून कमान मारलेल्या पाट्यांचं काय सांगू? आपल्या गावातला लोहार जुन्या पाट्याचा कोयता करतो. घडवून झाल्यावर तो त्याला पाणी देतो, रंग बघून देतो, कारण पाणी चुकलं तर कोयता एकतर वाकतो नाहीतर मोडतो हे त्याला बापानं शिकवलेलं असतं. ऊस तोडायच्या कोयत्यासाठी जी काळजी घेतली जाते, ती माणसं नेणाऱ्या गाडीच्या पाट्यासाठी घेतली जात नाही. लाल करायचा, ठोकायचा, जमिनीवर टाकायचा, गार झाला की चढवायचा. त्या लोखंडातलं पाणी तिथंच गेलेलं असतं.

टेंभू योजनेचं पाणी आलं, कडेगाव तालुक्यात ऊस वाढला, वांगीला सोनहिरा साखर कारखाना उभा आहे. आपण सगळे काट्याची माणसं आहोत. काटामारीचा नुसता संशय आला तरी इथं गव्हाणी बंद पडतात, रस्ते अडवले जातात आणि ते योग्यच आहे, घामाचा ऊस आहे तो. मग स्वतःची गाडी काट्यावर चढवायला का जीव जातो? शंभर-दोनशे रुपयांची पावती लागते. मी सुर्लीच्या दुसऱ्या दिवशी गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग पूर्ण गाडी, आणि वजाबाकी केली. पुढं १,१२० किलो, मागं २,२२०. एकूण ३,३४०. माझ्या नोंदणीपत्रावर भरल्या गाडीचं वजन २,९९०. साडेतीनशे किलो जास्त, आणि त्यातले तीनशे टपावरच्या पाण्याचे. त्यानंतर फक्त डावी चाकं काट्यावर घेतली, तेव्हा शेगडी, धान्य, सिलिंडर सगळं एकाच अंगाला कोंबल्याचं फळ दिसलं.

एवढं कळल्यावर काय करायचं हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. टाकी टपावरून उतरवली, पन्नास लिटरची केली आणि पुढच्या भिंतीला लागून फरशीवर ठेवली. पाणी गावोगावी मिळतं, ते डोक्यावर घेऊन पंढरपूरपर्यंत नेण्यात कसलं शहाणपण? धान्याची पेटी उजवीकडं गेली. निम्मं प्लाय काढून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा लावला. ते जुने पाटे काढून फेकले. एवढं केल्यावर गाडी हद्दीत आली आणि मग, तेव्हाच, सस्पेन्शनचा प्रश्न उरला. दिवसरात्र अंगावर वजन घेऊन उभ्या असणाऱ्या गाडीचे पाटे दमतात, हे खरं आहे. त्यासाठी कंपनीच्या मापाचा हेल्पर पाटा असतो, जो गाडी खाली बसल्यावरच वजन घेतो आणि रिकाम्या गाडीला त्रास देत नाही. शॉकअप नवे घातले. उंच केबिनला खरी गरज शॉकअपची असते, कारण पाटा फक्त झेलतो, हेलकावा जिरवतो तो शॉकअप. ॲक्सलला आडवा अँटी रोल बार बसला की वळणावर केबिन कमी कलते. पाटे बदलल्यावर यू बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, हे मिस्त्रीनं सांगायला हवं. सांगत नाही, तर तुम्ही विचारा.

टायरवरचा आकडाही वाचा. लोड इंडेक्स १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, ११२ म्हणजे १,१२०. मागच्या दोन चाकांची बेरीज काट्यावरच्या मागच्या वजनापेक्षा कमी भरत असेल, तर जगातला कुठलाही पाटा तुम्हाला वाचवणार नाही.

हल्ली पोरं व्हिडिओ बघून हवेच्या फुग्यांची ऑर्डर देतात. फुगा वाईट नाही, हवा कमी-जास्त करून डावं-उजवं सारखं करता येतं. पण त्यानंही हद्द एका किलोनं वाढत नाही, आणि पाट्याच्या दोन टोकांना वाटलं जाणारं वजन तो चासीच्या एका जागेवर आणतो. हे व्हिडिओ ज्या अमेरिकेतून येतात, तिथं केबिन घ्यायची गाडी असेल तर केबिनचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठं यावा, हे उत्पादकानं मालकाला लिहून द्यावं असा नियम आहे. तो भाग व्हिडिओत नसतो आणि पोरं तो शोधत नाहीत.

गुरुत्वमध्य हा शब्द जड वाटत असेल तर मोहरमला कडेगावात या. इथले गगनचुंबी ताबूत खांद्यावर निघतात. एवढी उंची माणसांच्या खांद्यावर चालते, कारण वरती बांबू आणि कागद आहे, आणि खालचा प्रत्येक खांदा पावलापावलाला तोल बघतो. उंचीनं काही बिघडत नाही, उंचावरच्या वजनानं बिघडतं. हिंदू-मुसलमानांनी मिळून पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही अक्कल आपल्याच गावात आहे, आणि आपण टपावर पाण्याची टाकी चढवतो.

कायद्याचं कुणी नाव काढलं की "बघू तिथं" हे उत्तर ठरलेलं. तर बघाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक टनाला २,०००. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. केबिन चार बोल्टांवर सुटते म्हणून सुटका नाही, तिचं वजन मालात धरलं जातं. आणि मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय. म्हणजे मागं बसलेल्या म्हातारीचं काही झालं, तर तिच्या घरच्यांना भरपाई तुम्हाला जमीन विकूनच द्यावी लागेल. ऑगस्ट २०२५ मध्ये, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यातल्या कुंडेश्वराला निघालेल्या बायकांची पिकअप घाटात दरीत गेली. त्या बायका देवाला निघाल्या होत्या. आपल्या दिंडीतल्या बायकाही देवालाच निघतात. माझ्या गाडीत आता चालत्या वेळी मागं कुणी बसत नाही, पाय दुखणाऱ्यांसाठी आम्ही वेगळी जीप करतो, आणि त्यासाठी वर्गणी वाढवली म्हणून कुणी नाराज असेल तर असो.

गेल्या महिन्यात ओळखीतला एक पोरगा आला. पिकअपवर वडापाव-चायनीजची गाडी बांधलीय, मागून बसते, किती पाटे टाकू? मी त्याला घेऊन काट्यावर गेलो. मागच्या ॲक्सलवर चारशे किलो जास्त निघाले. तवा, फ्रिज, दोन बॅटऱ्या, सगळं मागच्या फळीला टेकवलेलं. मी त्याला पावतीच्या पाठीवर पेननं काढून दाखवलं, फ्रिज ड्रायव्हरच्या केबिनच्या भिंतीला घे, एक बॅटरी कमी कर, पाटे नंतर. त्यानं पावती घडी करून खिशात ठेवली, "बरं दादा" म्हणाला आणि गेला. परवा विट्याच्या स्टँडसमोर त्याची गाडी दिसली. फ्रिज तिथंच होता. मागून गाडी वीतभर उचललेली होती.