यंत्रांना अनुदान, माणसाला मानधन

पोलीस ठाण्यापासून दूर डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर अफवा पसरू लागते, तेव्हा तिची पहिली खबर शासनाला कोण देते? या प्रश्नाचे धड उत्तर महाराष्ट्राच्या गृहखात्याकडे आज नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे ठरवून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. तिथेही चोरांच्या आणि मुले पळवणाऱ्यांच्या वावड्या आधीपासून उठत होत्या. दोन्ही वेळी पोहोचलेले पोलीस मोजकेच होते आणि जमावाने त्यांनाही जुमानले नाही. कायद्याचे राज्य त्या दोन्ही ठिकाणी घटनेच्या आधीच्या दिवसांतच कोसळलेले होते. घटनेच्या दिवशी फक्त प्रेते मोजली गेली.

ही खबर देण्यासाठी कायद्याने एक माणूस नेमून ठेवलेला आहे. वंशपरंपरागत पाटीलकी महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने मोडीत काढली, ते योग्यच झाले. तिच्याबरोबर गावातली वतनी मिजास आणि पिढीजात जुलूमही कायद्याच्या नजरेत संपला. त्यानंतर १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने, म्हणजे इंग्रजांच्या १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानंतर नेमक्या शंभर वर्षांनी, पोलीस पाटील हे पद नव्या पायावर उभे केले. गावातलाच रहिवासी, परीक्षा देऊन आलेला, प्रांताधिकाऱ्याने नेमलेला. अकस्मात मृत्यू झाला, बेवारस प्रेत सापडले, अनोळखी माणसे वस्तीला आली, बांधावरचे भांडण कुऱ्हाडीवर आले, तर तहसीलदाराला आणि ठाण्याला कळवणे हे त्याचे कर्तव्य. राज्यात अशी अडतीस हजारांहून अधिक पदे मंजूर आहेत. समाजातून निवडलेला आणि शासनाच्या पैशावर काम करणारा पोलीस, ही जी संकल्पना परदेशातून शिकून आल्यासारखी आपल्याकडील परिसंवादांत मांडली जाते, ती या राज्याच्या कायद्यात अर्धशतकाहून अधिक काळ पडून आहे.

पडून आहे, हाच शब्द योग्य. अनेक तालुक्यांत ही पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ सोपवून प्रशासन मोकळे होते. ज्या पदाचा सारा अर्थच त्या गावात राहण्यात आहे, त्याचा कार्यभार दुसऱ्या गावच्या माणसाकडे देणे म्हणजे कायद्याची थट्टा होय. भरती निघाली तर आरक्षणाची सोडत, लेखी परीक्षा, तोंडी परीक्षेचे गुण, मग हरकती, मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट) दावा, आणि तोवर गाव पुन्हा उघडे. यात गावेही निर्दोष नाहीत. पोलीस पाटील आपल्या गटाचा, आपल्या भावकीचा असावा यासाठी जी शक्ती पणाला लागते, तिचा दशांशही तो निर्भय असावा यासाठी लागत नाही. आपल्याच माणसाने आपली खबर द्यावी हे आपल्याला मनातून नको असते, हे एकदा समाजाने मान्य करावे. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले, वयात न आलेल्या मुलीचे लग्न ठरले, तर सर्वांआधी कळते ते याच माणसाला. आणि तोंड उघडल्यास सर्वांआधी वाळीत पडण्याची भीतीही याच माणसाला.

अशा माणसाला शासन काय देते? मानधन. कित्येक वर्षे ते दरमहा ३,००० रुपये होते, पुढे ६,५०० झाले, आणि २०२४ च्या मार्च महिन्यात, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, ते १५,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. वाढ मोठी आहे आणि तिचे श्रेय घेणाऱ्यांना ते मिळालेच पाहिजे. परंतु मानधन म्हणजे वेतन नव्हे. त्याला निवृत्तिवेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, ठरावीक मुदतीने नूतनीकरणाची टांगती तलवार मात्र आहे. सर्व मंजूर पदे भरली तरी या मानधनाचा बोजा वर्षाला सुमारे ७०० कोटी रुपयांच्या आसपास जातो. राज्याच्या कानाकोपऱ्यात जागता कान ठेवण्याची ही किंमत ज्यांना जड वाटते, त्यांनी एका दंगलीनंतरच्या बंदोबस्ताचा, भरपाईचा आणि खटल्यांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पैशाचा ओघ कुठे जातो हेही पाहण्यासारखे आहे. १९६९-७० पासून केंद्र सरकार राज्यांना पोलीस दलाच्या आधुनिकीकरणासाठी साहाय्य देत आले आहे. त्यातून वाहने येतात, शस्त्रे येतात, बिनतारी यंत्रणा येते, न्यायवैद्यक प्रयोगशाळांची उपकरणे येतात. माणसांचे पगार त्यात येत नाहीत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे पोलीस हा राज्याचा विषय असल्याने तो भार राज्याचाच. परिणामी प्रत्येक गृहमंत्र्याच्या कारकिर्दीत नव्या गाड्यांना झेंडा दाखवल्याची छायाचित्रे असतात आणि रिक्त पदांचे छायाचित्र निघत नाही. गल्लीतला सीसीटीव्ही कॅमेरा गुन्हा टिपतो, पण तिथे आठवडाभर काय शिजत होते, हे त्याला कुणी येऊन सांगत नाही.

स्वस्तात माणूस मिळवण्याचा मोह किती महाग पडतो, याचा धडा आपल्या सीमेलगत लिहिला गेलेला आहे. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये छत्तीसगड सरकारने हजारो आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून भरती केले. मानधन दरमहा ३,००० रुपये, त्यातला मोठा वाटा केंद्राच्या तिजोरीतून. शिक्षणाची अट पाचवी उत्तीर्ण. प्रशिक्षण दोन महिन्यांचे. हाती बंदुका देऊन या मुलांना प्रशिक्षित सशस्त्र नक्षलवाद्यांच्या समोर उभे करण्यात आले. नंदिनी सुंदर खटल्यात ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत समतेच्या आणि जीविताच्या हक्काचा भंग करणारी ठरवली आणि अशा भरतीसाठी निधी देणे थांबवण्याचा आदेश केंद्राला दिला. तोवर गावे ओस पडली होती, माणसे मेली होती आणि ज्या समाजाच्या नावाने हे पोलीस नेमले, तो समाज दुभंगला होता. आपल्याकडे गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी ‘खबऱ्या’ ठरवून मारलेल्यांत पोलीस पाटीलही आहेत. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, पाठीशी पगारदार पोलिसाचे संरक्षणही नव्हते.

महाराष्ट्राने यातून काय घेतले? जुलै २०२३ मध्ये मुंबई पोलीस दलातील मनुष्यबळाची टंचाई भागवण्यासाठी राज्य सुरक्षा महामंडळाकडून सुमारे ३,००० जवान कंत्राटी स्वरूपात घेण्यास शासनाने मान्यता दिली. काळ अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांत पोळीभाजी केंद्राचे कंत्राट निभावते. मोहल्ल्यातला विश्वास निभावत नाही. कोणत्या चाळीत कोणाचे कोणाशी वैर आहे, कोणत्या मंडळाचा कार्यकर्ता मिरवणुकीत बिथरतो, कोणत्या मौलवींना रात्री एक वाजता फोन केला तर ते खाली उतरतात, हे ज्ञान ज्याला मिळते तो बीट अंमलदार वर्षानुवर्षे त्याच रस्त्यावर चाललेला असावा लागतो. मुळात आपल्याकडच्या बीट अंमलदाराला रस्त्यावर चालायलाच मिळत नाही. सण, सभा, मंत्र्यांचे दौरे आणि क्रिकेटचे सामने यांच्या बंदोबस्तातून उरलेला वेळ त्याच्या बीटचा.

वेळ दिला तर काय घडते हेही याच राज्यात सिद्ध झालेले आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत, १९८८ पासून, तेव्हाचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची सामान्य माणसे आणि त्या भागाचा पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. गटारापासून नळापर्यंतची भांडणे तिथे निघू लागली, आणि माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, सुमारे नऊशे माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईनेही मोहल्ला समित्यांचा मार्ग धरला, पुढे २००७ मध्ये गावांसाठी तंटामुक्तीची मोहीम निघाली, पारितोषिके वाटली गेली. पारितोषिकाचा फलक लागला की पुढचे वर्ष कोणाचेच नसते. अधिकारी बदलला, मंत्री बदलला आणि समित्या कागदावर उरल्या. खोपडेंच्या प्रयोगाला कोणत्याही यंत्रापेक्षा पोलिसाच्या वेळेची गरज होती, आणि नेमक्या त्या वेळेसाठी आपल्या अर्थसंकल्पात लेखाशीर्ष नाही.

अनुदान दिले की काम झाले, असेही नव्हे. अमेरिकेने १९९४ च्या कायद्यान्वये एक लाख पोलीस वस्त्यावस्त्यांत नेमण्याचा संकल्प सोडला. केंद्र सरकार तीन वर्षे पगाराचा ७५ टक्क्यांपर्यंतचा, पण कमाल मर्यादेतला, वाटा उचलणार आणि पुढे तो भार त्या त्या शहराने पेलायचा. तेजीच्या काळात हे गणित गोड वाटले. मंदी आली, महसूल आटला, आणि जानेवारी २०११ मध्ये न्यू जर्सीतील कॅम्डेनसारख्या गुन्हेग्रस्त शहराने आपले जवळपास निम्मे पोलीस एका फटक्यात घरी पाठवले. मुदतीच्या पैशावर नेमलेला माणूस मुदतीबरोबर जातो आणि त्याने जमवलेली ओळखही त्याच्याबरोबर जाते, हे निवडणुकीच्या हंगामात मानधन वाढवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आज हे दुर्लक्ष असेच चालू राहिले तर होणारी पडझड क्रमाने होईल. प्रथम खबर आटेल. खबर आटली की ठाण्याचा कान स्थानिक पुढाऱ्याच्या फोनकडे लागेल, आणि कोणता गुन्हा नोंदवायचा हे तो पुढारी ठरवू लागेल. न्याय मिळत नाही असे दिसले की ज्याच्या त्याच्या जातीची, धर्माची, पक्षाची ‘रक्षक’ पथके उभी राहतील. ती काही ठिकाणी महामार्गांवर गाड्या अडवू लागलेलीच आहेत. मग शासन राज्य राखीव दलाच्या तुकड्या पाठवील, इंटरनेट बंद करील, संचारबंदी लावील, आणि गावाला पोलीस फक्त लाठीच्या टोकाशी भेटेल. त्या अवस्थेतून मागे येण्याची किंमत बस्तरला अजून मोजावी लागत आहे.

म्हणून रिक्त पोलीस पाटील पदे ठरलेल्या मुदतीत भरणे, मानधनाऐवजी निवृत्तिवेतनासह किमान सेवाशर्ती लागू करणे, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत या माणसांना विमा आणि संरक्षण देणे, आणि बीट अंमलदाराला निश्चित काळ बंदोबस्तातून व बदलीतून मुक्त ठेवणे, यांसाठी गृहखात्याने स्वतंत्र तरतूद केली पाहिजे. दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय इथे नाही. पुढच्या अधिवेशनात गृहखात्याच्या मागण्यांवर चर्चा होईल तेव्हा नवी वाहने किती आली, हे विचारले जाईलच. पोलीस पाटील नसलेली गावे किती, हा प्रश्न एका तरी आमदाराने उभा राहून विचारावा, आणि उत्तर तालुकानिहाय मागावे.