चाकांवरचे घर आणि कायदा

जुनी व्हॅन घ्यावी, तीत बिछाना, पाण्याची टाकी व शेगडी बसवावी आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर किंवा जव्हारच्या डोंगरात मुक्काम करावा, ही हौस वसई-विरारच्या मध्यमवर्गीयास आवाक्याबाहेरची नाही. आठवड्याचे सहा दिवस लोकलच्या गर्दीत काढणाऱ्यास सातव्या दिवशी मोकळी हवा हवीशी वाटली, तर त्यास कोणी चैन म्हणू नये. परंतु सुताराचे काम संपले की कागदाचे काम सुरू होते आणि तेथे ही हौस अडखळते.

कायद्याला हे वाहन अपरिचित आहे, असे मात्र नाही. केंद्र शासनाच्या २००४ च्या अधिसूचनेत खाजगी वापराच्या कॅम्पर व्हॅनची गणना बिगर-परिवहन वाहनांत केलेली आहे. निवासी वाहनांच्या चाचणीसाठी ‘एआयएस १२४’ हे मानकही आहे. अडचण आहे ती तयार वाहनाचे रूपांतर करणाऱ्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीशी विसंगत फेरफारास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हे बंधन स्पष्ट शब्दांत उचलून धरले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

हे बंधन जाचक आहे, असे आम्ही म्हणत नाही. भरलेली टाकी व लाकडी कपाटे यांनी वाहनाचे वजन वाढते, तोल बदलतो, ब्रेकवर ताण येतो; गॅसची नळी सैल राहिली तर झोपलेल्या कुटुंबाच्या जिवावर बेतते. म्हणूनच कागदावर एक वाहन आणि रस्त्यावर दुसरे, ही स्थिती घातक होय. विम्याचा हप्ता वाहनाच्या वर्गावर ठरतो. न कळविलेल्या फेरफारावर बोट ठेवून विमा कंपनी मालकाची नुकसानभरपाई नाकारू शकते आणि महामार्ग ओलांडताना जखमी झालेल्या पादचाऱ्याच्या वाट्यास न्यायाधिकरणातील वाद येऊ शकतो. त्रयस्थाचा विमा या देशात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला, तो अशाच पादचाऱ्यासाठी. मालकाच्या हौसेची किंमत त्याने का मोजावी?

कराचेही असेच आहे. राज्याच्या १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यात, वाहनात बदल होऊन अधिक दर लागू झाल्यास फरकाची रक्कम भरावी, हे तत्त्व आहे. ते न्याय्य आहे. पण कर कोणत्या वर्गाने लागणार, हे खर्च करण्यापूर्वी कळले पाहिजे. मालवाहू व्हॅन खाजगी निवासी वाहन झाली, तर तिला मालवाहूचा कर लावणे जितके चूक, तितकेच तिला निमूटपणे मोटारकार म्हणवून घेणेही चूक.

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पर्यटन व्यावसायिकांचे असे स्वागत करणाऱ्या शासनाने स्वतःच्या कुटुंबापुरते वाहन सजविणाऱ्या नागरिकासही सरळ वाट दाखवावी. कोणते बदल ग्राह्य, कोणते अग्राह्य, तपासणी कोण करणार, कर किती, हे सारे सोप्या मराठीत लिहून विरारच्या परिवहन कार्यालयात लावावे. विमा कंपन्यांनीही या वर्गाची अट व हप्ता आधी सांगावा.

वाहनमालकांस आमचे सांगणे इतकेच की, सुताराला विसार देण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची व विमा कंपनीची लेखी संमती हातात घ्यावी. दलालाच्या ‘होऊन जाईल’ या शब्दावर विसंबू नये. वाट बिकट असली की माणसे आडवाटेने जातात, हे शासनाने ओळखावे. आणि आडवाटेवरच्या अपघाताला कोणी वाली नसतो, हे नागरिकांनी.