भिंतीतील तारांची दाटी

1905 साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. ती वीज कावेरीवरील शिवनसमुद्रम येथून आली होती. आज त्या नगरातील घराघरांत गीझर, शेगडी व एसी यांच्या तारा भिंतीत पुरलेल्या नळ्यांतून जातात. नळीत शिरतील तितक्या तारा ओढाव्यात, हा समज मात्र घातक होय.

त्याच तारेतून दुप्पट प्रवाह वाहू लागला की चौपट उष्णता उत्पन्न होते. दाटीतील तारा परस्परांना तापवितात आणि त्यांचे आवरण कालांतराने ठिसूळ होते. म्हणून भारतीय मानकेही एकत्र तारांची क्षमता घटवून धरतात. अमेरिकन संहितेचे आकडे उदाहरणादाखल घ्यावेत: प्रवाह वाहणाऱ्या तारा सात ते नऊ असल्यास प्रत्येकीची क्षमता 70 टक्केच मानावी. चार सर्किटांच्या आठ तारा एका नळीत आल्या, तर 20 अँपियरची तार 14 अँपियरचीच ठरते. 20 अँपियरचा एमसीबी हे जाणत नाही. 18 अँपियर वाहत असता तो स्वस्थ राहतो आणि तार तापत राहते.

रुंद नळीने तारा सुलभतेने ओढता येतात. परंतु तेवढ्याने हा दोष जात नाही. सर्किटे दोन नळ्यांत विभागावीत, अथवा तार जाड घ्यावी. गिलाव्यापूर्वी हा खर्च अल्प असतो. नंतर भिंतच फोडावी लागते. घर बांधणाऱ्याने भिंतीचा रंग ठरविण्याआधी नळ्यांचा आराखडा पाहावा, हेच इष्ट होय.